शनिवारचं श्रमदान

कुणी 'हे होणार नाही' असं म्हटलं की बाई आधी चष्मा काढत. पदराच्या टोकानं काचा पुसत, चष्मा पुन्हा नाकावर बसवत आणि समोरचा माणूस आत्ताच नीट दिसायला लागला आहे अशा नजरेनं त्याच्याकडे बघत विचारत, "काहून? कोण अडवून राहिलं?"

प्रश्न साधा होता. पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की आपलंच आपल्याला कळायचं, अडवणारं तसं कुणी नाही. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. असलं, तर त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून नोकरी करणं किती अवघड असतं हे तुम्हाला सांगायला नको.

मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होतो. साताऱ्याहून केंद्र सरकारच्या एका कचेरीत चिकटलो आणि पहिलीच नेमणूक झाली जयपूरला. सांगानेरी दरवाज्याच्या आत एका हवेलीच्या माडीवर माझी खोली आणि दरवाज्याबाहेर कचेरी. बाई नागपूरच्या. टायपिस्ट. वय चाळीसच्या पुढं, लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. जाड काठाची गिरणीची साडी आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. कचेरीत त्या एकट्याच बाई, म्हणून आम्ही मराठी माणसं नुसतं 'बाई' म्हणायचो. माथुर नावाचा आमचा जयपुरी सहकारी 'बहनजी' म्हणायचा आणि चपराशी भंवरजी 'बाईसा'. त्यांचं टायपिंग सुरू झालं की पलीकडच्या खोलीतल्या माणसाला फोन ठेवून द्यावा लागे.

मी स्वभावानं भित्रा आणि त्याहून वाईट म्हणजे अपराधी वृत्तीचा. पंख्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याचे कागद उडाले तरी मला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. आल्याच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी कापलेल्या स्टेन्सिलवर माझ्या हातून शाई सांडली. त्यांनी काही न बोलता दुसरी कापली. मी सकाळी माफी मागितली, जेवणाच्या सुट्टीत मागितली आणि संध्याकाळी पुन्हा त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो.

"काय रे सातारकर," त्या टायपिंग न थांबवता म्हणाल्या, "किती वेळा माफी मागून राहिला? सकाळी मागितली, मी दिली. आता बाकीच्यांच्या बदल्यात चहा आण."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी सातारकर झालो, आणि चहा आणायचं कामही माझ्याकडे लागलं.

त्या वर्षांत श्रमदानाचं वारं होतं. प्रत्येक कचेरीनं एक रविवार द्यावा असं वरून आलं. आमच्या मोठ्या साहेबांनी झालान्याच्या टेकड्या निवडल्या. मोती डुंगरीच्या पुढं डांबरी रस्ता संपायचा, मग बैलगाडीची वाट, आणि मग धोक नावाच्या झाडांनी भरलेल्या उघड्या खडकांच्या टेकड्या. उन्हाळ्यात ही झाडं पार मेल्यासारखी दिसतात. पूर्वी राजेलोक तिथं शिकारीला जात. पायथ्याशी एक जुनी तलाई होती, म्हणजे लहानसं तळं. तिचा बांध फुटलेला आणि पोट गाळानं भरलेलं.

हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही सगळे ट्रकमधून तिथं गेलो. साहेबांनी फीत बांधलेली कुदळ एकदा जमिनीला लावली. फोटो निघाला. मग प्रत्येकानं एकेक तगारी, म्हणजे आपलं घमेलं, भरून उचललं, त्याचाही फोटो निघाला. त्यानंतर पुरी-भाजी, झाडाखाली डुलकी, आणि परत ट्रक. परत येताना बाई मागच्या फळीला धरून त्या तलाईकडे बघत उभ्या होत्या.

"हे तं पुऱ्यांचं श्रमदान झालं बाप्पा," त्या म्हणाल्या. "गाळ होता तिथंच आहे."

सोमवारी त्यांनी टेबलाटेबलांशी जाऊन विचारलं, येत्या रविवारी कोण येणार. सुपरिटेंडंट हसले. "अब किसलिए, बहनजी? फोटो तो हो गया." बाईंनी चष्मा काढला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

त्या रविवारी माथुर आला, भंवरजी आले, झाडूवाला किसना आला आणि मी गेलो. श्रमाच्या प्रेमापोटी गेलो असं म्हटलं तर ते खोटं होईल. नाही म्हणायची हिंमत झाली नाही म्हणून गेलो. पुढच्या रविवारी आणखी दोघेतिघे आले. हळूहळू ती रविवारची सवयच पडली. कुणी सायकलवर, बाई टांग्यानं रस्ता संपेपर्यंत आणि तिथून पुढं त्या कॅनव्हासच्या बुटांत तरातरा चालत.

काम करायची त्यांची एक पद्धत होती. खणणारे तलाईच्या पोटात, आणि तिथून बांधापर्यंत बाकीच्यांची रांग. भरलेली तगारी हातातून हातात जायची. ती मध्येच खाली टेकवायची नाही, हा नियम. रांगेत कोण कुठं उभा राहणार हे बाई ठरवणार, हा दुसरा नियम.

एकदा सुपरिटेंडंट गंमत बघायला आले. बाईंनी त्यांना अगदी आदरानं रांगेत उभं केलं, किसनाच्या लगेच पुढं. किसनाच्या हातात तगारी आली. त्यानं सवयीनं सुपरिटेंडंटांकडे पाहिलं आणि ती जमिनीवर ठेवायला वाकला, म्हणजे त्यांना त्याचा हात न लागता उचलता येईल. सुपरिटेंडंटही तेवढ्यासाठीच थांबले होते.

"किसना, नीचे नहीं रखना," बाई बांधावरून ओरडल्या. "मिट्टी गिरती है."

किसना वाकलेलाच राहिला. मागं रांग तुंबली. माझ्या हातात भरलेली तगारी, माझ्या मागं माथुरच्या हातात, त्याच्या मागं आणखी. माथुर कण्हत म्हणाला, "सुपरिटेंडंटसाहब, ले लीजिए, मेरी कमर का सवाल है." कुणीतरी फिसकन हसलं. सुपरिटेंडंटांनी हात पुढं केले आणि तगारी घेतली. किसनाची बोटं त्यांच्या बोटांवरून गेली. ते पुन्हा कधी आले नाहीत, पण त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी तगाऱ्या घेतल्या, हे सांगायला हवं.

पुढच्या पावसाळ्यात तलाईत पाणी थांबलं. होळी झाली तरी पाणी होतं. पुढं ते आटत मधल्या खोल खड्ड्यापर्यंत आलं, आणि आम्ही तो खड्डा आणखी खोल केला. वैशाख लागला, आजूबाजूच्या टेकड्या तव्यासारख्या तापल्या, तरी त्या खड्ड्यात एका अंगणाएवढं हिरवट पाणी टिकून राहिलं. आणि त्याच्या काठच्या चिखलात पावलं दिसायला लागली.

भंवरजी वाचून दाखवायचे: ही नीलगाय, हे सांबर, हे तरस. एका रविवारी त्यांनी बाईंना हाक मारली. चिखलात एक गोल ठसा होता, नखं नसलेला. "बघेरो है, बाईसा." बघेरा म्हणजे बिबट्या. बाई उकिडव्या बसल्या आणि ठशाच्या शेजारी चिखलात त्यांनी आपला तळवा दाबला. दोन्ही ठसे शेजारी शेजारी बघत त्या बराच वेळ बसून राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या पोरीसारखा झाला होता.

"आपल्याकडे पाणी प्यायला आला तो," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे!"

एक गोष्ट इथं नोंदवली पाहिजे. त्या तलाईवर पाणी पिताना जनावर त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. आम्ही दिवसा जायचो, जनावरं अंधार पडताना यायची. त्यांना दिसली ती फक्त पावलं. पण तेवढ्यावर त्या आठवडाभर सगळ्या कचेरीला जागं ठेवायच्या.

आता आमच्या हातून झालेली चूक. बांध पक्का करायला दगड हवे होते आणि दगड आणायला ट्रक. ट्रक साहेबांच्या हातात. बाई मला बरोबर घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब सभ्य गृहस्थ होते, कुणावर आवाज चढवत नसत. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. पाणी कसं टिकलं, सांबरं कुठल्या वाटेनं उतरतात, बघेरा कोणत्या काठानं येतो, साधारण कोणत्या वेळी. मीही मध्ये मध्ये भर घालत होतो. साहेब खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते. "वंडरफुल," ते म्हणाले. "ट्रक ले जाइए, जितनी बार चाहिए."

बाहेर येताना बाई खूष होत्या. "पाह्य सातारकर, साहेब मनाचा चांगला आहे. त्यालाही जनावरांचं वेड आहे."

वेड होतंच. दोन रविवार आम्ही ट्रकनं दगड वाहिले. तिसऱ्या आठवड्यात भंवरजी बाईंच्या टेबलाशी येऊन नुसतेच उभे राहिले. बाईंनी टायपिंग थांबवलं. भंवरजी खाली बघत म्हणाले, "बाईसा, बांध के पीपल पर मचान बंध गया है."

साहेबांचे दोन पाहुणे दिल्लीहून येणार होते. शनिवारी संध्याकाळी शिकार. भंवरजींना बकरी घेऊन हजर राहायचा हुकूम होता.

नुसती शिकार असती तर निराळं होतं. शिकारी त्या टेकड्यांत नेहमीच जायचे आणि बहुतेक वेळा हात हलवत परतायचे. पण आता त्यांना हिंडायची गरज नव्हती. सगळ्या झालान्यात पाणी उरलं होतं एकाच ठिकाणी, आणि ते आम्ही ठेवलं होतं. गाळ काढून आम्ही दीड वर्ष जनावरांना बोलावत होतो, आणि ती कधी येतात ते जाऊन सांगितलंही आम्हीच.

मी म्हणालो, "बाई, आपलंच चुकलं. मी बोलायलाच नको होतं."

"तू काय बोलला? मी बोलली. तू तं नुसता 'हो जी, हो जी' करून राहिला होता." त्यांनी मशीनमधला कागद ओढून काढला. "आणि वाईट वाटून घ्यायचं असेल तं रविवारी घे. शनिवारी वेळ नाही."

त्या उठल्या आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच राहिलं, त्यामुळं सगळ्या हॉलनं ऐकलं.

"सर, तलाई पे शिकार नहीं होना चाहिए."

"बहनजी, मेरे पास परमिट है. जंगल सरकार का है."

"जंगल सरकार का है सर. पानी हमने रोका है."

"तो?"

"तो हम लोग शनिवार को उधर रहेंगे. काम है."

"शनिवार को श्रमदान नहीं होता," साहेब हसून म्हणाले.

"हमारा होता है."

साहेबांच्या आवाजातलं हसू गेलं. मग ते म्हणाले, "आप टाइपिंग देखिए." बाई बाहेर आल्या आणि खरंच टाइप करायला बसल्या. पण त्या दुपारी मशीन असं वाजत होतं की कुणाला फाइल वाचता येईना.

शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी. सुटता सुटता बाई म्हणाल्या, "ज्याच्या घरी लहान लेकरं आहेत त्यानं येऊ नये. हे काही आता पुऱ्यांचं काम नाही."

"बहनजी, मेरे घर चार हैं," माथुर म्हणाला. "चारों से कह आया हूं कि बाप मिट्टी ढोने जा रहा है. अब घर गया तो वे हंसेंगे."

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. साताऱ्याला वडील अंथरुणाला खिळलेले. मी सायकल काढली, घराकडे वळवली, पुन्हा उलटी वळवली. चौकात पोलिसानं मला हटकलं, "बाबूजी, जाना किधर है?" मला त्याचीही माफी मागावीशी वाटली. शेवटी झालान्याकडे गेलो. शौर्य अंगात आलं होतं असं नाही. सोमवारी बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसायचं होतं, एवढंच.

ऊन उतरेपर्यंत आम्ही नेहमीसारखं काम केलं. रांग केली, तगाऱ्या चालवल्या. डोक्यावर पिंपळात मचाण, नव्या सुतळीनं बांधलेलं. सूर्य टेकडीमागं जायच्या बेतात होता तेव्हा जीप आली. साहेब उतरले, दोन पाहुणे उतरले, त्यांच्या बंदुका उतरल्या, आणि सगळ्यात शेवटी काळी बकरी घेऊन भंवरजी उतरले. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही.

"अब बहुत हुआ," साहेब म्हणाले. "अंधेरा हो रहा है. आप लोग जाइए."

"थोड़ा काम बाकी है, सर," बाई म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "हाण."

मी टिकाव हाणला. झालान्याचा खडक असा की टिकाव बसला की घंटेसारखा वाजतो. आवाज टेकडीवर जाऊन परत आला. माथुरनं दुसरा हाणला. साहेब आणि पाहुणे थोडा वेळ उभे राहिले, मग आपसात काही बोलून मचाणावर चढून बसले. त्यांना वाटलं असेल, कारकून माणसं, दमतील आणि जातील.

आणि आम्ही दमलो. खरंच दमलो. टिकावाचे ठोके विरळ व्हायला लागले. मध्ये मध्ये अशी शांतता पडायची की पानांचा आवाज येई. आणि अशाच एका शांततेत वरच्या उतारावर एक दगड घरंगळला. कुणीतरी खाली उतरत होतं. मचाणावर बंदुकीचा खटका वाजला. बकरी ओरडली.

बाईंनी कमरेवर हात ठेवले, मान वर केली आणि आकाशाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"एक दिडे दीड!"

मी थक्क झालो. त्यांना गाणं येत नव्हतं, घोषणा आवडत नव्हत्या. मोठ्यानं म्हणायला म्हणून त्यांना जे पाठ होतं ते त्यांनी काढलं.

"दोन दिडे तीन! काय रे सातारकर, शाळेत गेला नाही का? तीन दिडे?"

"साडेचार!" माझ्या तोंडून निघून गेलं.

मग आम्ही दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, म्हटली. दिडकी संपली, अडीचकी घेतली. अडीचकीत मी चुकलो तर त्यांनी सगळ्यांसमोर मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली. आमच्या मागून माथुरनं ड्योढ्याचा पहाडा, म्हणजे त्याची दिडकी, सुरू केला, हिंदीतून, चालीवर, आणि किसना, जो शाळेत कधी गेला नव्हता, तो प्रत्येक ओळीनंतर तगारीवर थाप मारायला लागला. झालान्याच्या टेकड्यांनी तशी संध्याकाळ पाहिली नसेल. वरचा दगड पुन्हा घरंगळला नाही. जे कुणी उतरत होतं ते परत चढून गेलं.

मचाणावरून पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "ये लोग क्या नारा लगा रहे हैं?" साहेबांनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही. तेवढ्यात भंवरजींचा आवाज आला, अगदी काळजीचा. "साब, बकरी खुल गई!" आणि ती काळी बकरी ऐटीत आमच्यामधून चालत गेली, खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली आणि पाणी प्यायला लागली. भंवरजी तिला पकडायला निघाले. इतक्या सावकाश चालताना त्यांना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

साहेब खाली उतरले. त्यांचा आवाज तसाच सभ्य होता. "आप जानती हैं इसका नतीजा क्या होगा?"

"जानती हूं सर. ऑर्डर टाइप होने को मेरे ही पास आएगी. गलती नहीं रहेगी."

जीप गेली. त्यानंतर आम्ही सगळे बांधावर बसलो आणि माथुर इतका हसला की त्याला उचकी लागली. बाई हसत नव्हत्या. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. हे फक्त मला दिसलं, कारण मी शेजारी होतो.

तो सगळा उन्हाळा दर शनिवारी अंधार पडेपर्यंत आम्ही तिथं होतो.

ऑर्डर पावसाळ्याच्या तोंडावर आली. बाईंची बदली शिलाँगला. त्यांनी ती स्वतः टाइप केली, चार प्रतींत, एकही खाडाखोड नाही, आणि स्वतःच नेऊन सहीला ठेवली. "शिलाँगला डोंगर आहेत न?" त्या आल्यावर म्हणाल्या. "मग त्याईलाही कोणी पाहिजेच."

बाकी कुणालाच काही झालं नाही, आणि मला ते सहन होईना. दोन दिवस झोप आली नाही. शेवटी मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "सर, उस दिन मैं भी था." साहेबांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच आश्चर्य होतं. "तुम? मैंने तो तुम्हें देखा ही नहीं."

बाहेर येऊन मी हे बाईंना सांगितलं. त्या हसायला लागल्या आणि थांबेनात. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून ठेवावा लागला.

"अरे बाप्पा! मोठ्यानं अडीचकी म्हणूनही तू दिसत नाही म्हणजे कमाल झाली." मग त्यांनी काचा पुसून चष्मा नाकावर बसवला. म्हणाल्या, "हे पाह्य. तुझं हे वाईट वाटणं भलतं जड आहे. मी नाही नेत ते शिलाँगपर्यंत. माझ्याजवळ एक ट्रंक आहे, ती भरली. तुझं तू ठेव नाहीतर टाक. पण रविवारी जायचं. माझी आठवण काढायला नाही. गाळ काढायला."

त्या गेल्यावर लगेच नोटीस लागली: कचेरीच्या नावानं श्रमदान बंद. आम्ही कचेरीचं नाव सोडलं आणि जात राहिलो. बाईंच्या जाण्यानं काही जण गळाले, काही नवे आले. मचाण आम्ही उतरवलं. साहेबांचीही पुढं बदली झाली. माझं लग्न झालं, जयपूरलाच मुलं झाली, ती आता माझ्याशी अर्धं हिंदीत बोलतात. मी अजूनही उगाच माफी मागतो. बायको म्हणते, रांगेत कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी 'सॉरी' मीच म्हणतो. ते खरं आहे. पण रविवार मी चुकवलेला नाही.

साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात शिलाँगच्या शाखेतून एक बंगाली कारकून बदलून आला. मी त्याला बाईंबद्दल विचारलं. "अरे बाबा, वो!" त्यानं कपाळाला हात लावला. "हर रविवार हमको झरना साफ करने ले जाती थी. इतना ठंडा पानी! हम बोला, दीदी, निमोनिया हो जाएगा." मग हात खाली घेऊन तो म्हणाला, "उन्हीं को हो गया. पिछले महीने."

कुणी कळवलं नव्हतं. कळवणार कोण? मी जाऊन माथुरला सांगितलं. कचेरी सुटल्यावर तो म्हणाला, "कल शनिवार है." आम्ही गेलो. उकरायला फारसं काही नव्हतं, तरी उकरलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माथुर, किसना आणि मी शनिवारी संध्याकाळी बांधावर बसलो होतो. भंवरजी तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. एक जीप आली, अनोळखी. आत तिघेचौघे तरुण, बंदुका मांडीवर. चालवणाऱ्यानं मान बाहेर काढून विचारलं, "आप लोग कौन? किसकी इजाजत से बैठे हैं?"

माथुरनं माझ्याकडे पाहिलं. का ते माहीत नाही. बोलणारा नेहमी तो होता. तरी मी म्हणालो, "हम यहां काम करते हैं. रात तक करेंगे."

"हट जाइए, वरना—"

"नहीं हटेंगे."

त्यानं भोंगा वाजवला. बराच वेळ वाजवला. आम्ही बसून राहिलो. कुणी शिवी दिली, कुणी हसलं, आणि जीप खालच्या वाटेला वळून गेली. धूळ खाली बसायला वेळ लागला. आम्ही निघायचं विसरून तसेच बसून होतो, आणि अंधुक प्रकाशात समोरच्या काठावर एक सांबराची मादी येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहत होतो. ती आम्हाला ओळखत होती वगैरे मी म्हणणार नाही. तिला तहान होती, आणि दुसरीकडे कुठं पाणी नव्हतं. तिनं पुढचे पाय चिखलात रोवले आणि मान खाली घातली.

हे बाईंना बघायला मिळायला हवं होतं.

तेवढ्यात खालच्या वाटेवर जीपचा आवाज पुन्हा आला. परत येत होती. मादीनं मान वर केली, कान वळवले. किसना उठला. मग माथुर उठला, मग मी. आम्ही सावकाश, तिला बिचकू न देता, पाण्याकडे पाठ केली आणि वाटेकडे तोंड करून उभे राहिलो. दिवे जवळ येत होते. थोडा वेळ मागं काहीच ऐकू आलं नाही. मग पाणी पिण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.